पदरमोडीची पुस्तके

दिवाळीच्या झाडलोटीत आमच्या घरी एक प्रसंग दरवर्षी ठरलेला असतो. माळ्यावरचे डबे, तुटकी खुर्ची, मागल्या वर्षीचा आकाशकंदील असे सारे खाली उतरले, की सर्वांत शेवटी सुतळीने बांधलेले चार गठ्ठे निघतात. ती माझी पहिली कादंबरी. प्रकाशकांच्या दारांचे उंबरे झिजवून झाल्यावर मी ती पदरचे पैसे घालून छापली होती. पाचशे प्रतींपैकी काही विकल्या, काही वाटल्या, काही लोकांनी वाचायला म्हणून नेल्या आणि आपल्याच मानल्या. उरलेल्या माळ्यावर गेल्या. "अहो, यांचं काय करायचं?" असा प्रश्न मंडळींनी विचारायचा आणि "राहू दे सध्या" असे मी म्हणायचे, हा आमचा गेल्या कित्येक वर्षांचा रिवाज आहे.

मागल्या वर्षी या रिवाजात थोडा खंड पडला. माझा एक विद्यार्थी चुना द्यायला हाताशी आला होता. त्याने गठ्ठ्यावरचे माझे नाव वाचले आणि विचारले, "गुरुजी, हे पुस्तक कुणी छापलं?"

"मीच."

"म्हणजे दुसरं कुणी छापायला तयार झालं नाही?"

पोराच्या मनात काही वावगे नव्हते. पण वाचकहो, बाण नेमका लागला. स्वखर्चाने पुस्तक काढणारा लेखक म्हणजे पंगतीत न बोलावता येऊन बसलेला पाहुणा, अशी आपल्याकडे एक समजूत आहे; आणि खरे सांगायचे तर ती माझीही होती. त्या रात्री झोप येईना, म्हणून शाळेच्या कपाटातून आणलेला एक जाड ग्रंथ उघडून बसलो. तो होता महात्मा फुल्यांच्या समग्र वाङ्मयाचा. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादन केलेला हा ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ साली काढला. त्यापूर्वी मी तो अनेकदा चाळला होता; निबंधासाठी मुद्दे काढले होते, पुण्यतिथीच्या भाषणासाठी खुणा केल्या होत्या. मात्र त्या रात्री तो निराळ्याच नजरेने पाहिला. यांतले कोणते पुस्तक कोणी छापले, एवढेच पाहत गेलो. आणि पाहता पाहता दिव्याखाली बराच वेळ बसून राहिलो.

आज सरकारने छापलेल्या, शाळाशाळांतून ठेवलेल्या या ग्रंथातला बराचसा मजकूर जोतीरावांनी आपल्या हयातीत स्वतःच्या पदरमोडीने छापलेला आहे. कुणी दुसऱ्याने हौसेने त्यांची पुस्तके काढावीत, असा तो काळ नव्हता. आणि तशी ती पुस्तकेही नव्हती.

जोतीराव गोविंदराव फुले यांचा जन्म १८२७ चा. १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली, हे आता लहान मुलालाही ठाऊक आहे. सावित्रीबाई तेथे शिकवीत. त्या घरातले पहिले छापील पुस्तक जोतीरावांचे नव्हे, सावित्रीबाईंचे, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ सालचा. जोतीरावांचे स्वतःचे पहिले पुस्तक छापून निघायला त्यानंतर पंधरा वर्षे लागली. ती पंधरा वर्षे का लागली, याचीही एक कथा आहे.

१८५५ साली जोतीरावांनी एक नाटक लिहिले. त्याचे नाव 'तृतीय रत्न'. एका गरोदर कुणबी बाईच्या घरी एक जोशी येतो, ग्रहांचे भय घालतो, आणि अनुष्ठान व ब्राह्मणभोजन यांच्या नावाखाली त्या गरीब जोडप्याला कर्जात उतरवतो. पुढे एका पाद्र्याची गाठ पडते, वादविवाद होतात, विदूषक मध्येमध्ये टोमणे मारतो. आणि शेवटी नवराबायको रात्रीच्या शाळेत जाऊन शिकायचे ठरवतात. ती शाळा कोणती, तर नाटककाराने आणि त्याच्या पत्नीने चालवलेली! त्याच वर्षी फुले दांपत्याने कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू केली होती. म्हणजे नाटक आणि शाळा ही एकाच कामाची दोन अंगे होती.

सांगलीला विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणून अवघी बारा वर्षे झाली होती. नाटक म्हणजे देव, राक्षस आणि सूत्रधार, अशीच लोकांची कल्पना. 'थोरले माधवराव पेशवे' हे वि. ज. कीर्तने यांचे गाजलेले नाटक यायला अजून सहा वर्षे अवकाश होता. अशा वेळी कुणब्याच्या घरातले दारिद्र्य, त्याची कर्जाची धास्ती, त्याच्या बायकोच्या तोंडची बोली हे सारे एका पुणेकर तरुणाने नाटकात आणले. ते छापून निघावे म्हणून त्याने ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले.

या कमिटीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची चाल होती. इंग्रजी राज्य आल्यावर ती चाल हळूहळू आखडत गेली आणि त्यातल्या काही रकमेतून मराठीतल्या चांगल्या पुस्तकांना बक्षिसे मिळू लागली. पुस्तकांचे धनी थोडे आणि वाचक त्याहून थोडे, अशा त्या दिवसांत होतकरू लेखकाला हा मोठाच आधार होता. जोतीरावांचे नाटक मात्र कमिटीने स्वीकारले नाही. हे गाऱ्हाणे त्यांनी पुढे अठरा वर्षांनी आपल्या एका पुस्तकात नोंदवून ठेवले आहे. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या हट्टापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे ते सांगतात. आणि पुढचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. ते नाटक आपण बाजूला टाकले आणि काही वर्षांनी दुसरे एक लहानसे पुस्तक लिहून ते स्वतःच छापून प्रसिद्ध केले, अशा अर्थाचे ते वाक्य आहे.

माझ्यासारख्या माणसाने एका नकारानंतर चार दिवस अंथरूण धरले असते आणि चार वर्षे त्या नकाराविषयी लोकांना सांगितले असते. जोतीरावांनी हिशेब वेगळा केला. कमिटीकडे पुन्हा जायचे नाही. छापण्याचा खर्च आपण करायचा. त्यासाठी पैसा आपण मिळवायचा. ते नुसते लेखणीवर जगणारे नव्हतेच. ओतकामाच्या मुशी विकण्याची एजन्सी त्यांनी चालवली, बांधकामाचे मक्ते घेतले, मांजरीला शेती केली. त्यांचा शब्द खडीच्या आणि चुन्याच्या हिशेबातून आलेल्या पैशाने छापला गेला. त्यामुळे तो कुणाच्या मर्जीचा मिंधा राहिला नाही.

१८६९ हे साल त्यांच्या पुस्तकांचे खरे पहिले साल. त्या एका वर्षात त्यांनी तीन रचना लोकांपुढे आणल्या आणि तिन्ही निरनिराळ्या धाटणीच्या. पहिला शिवछत्रपतींचा पोवाडा. 'कुळवाडीभूषण' हे विशेषण लावून त्यांनी शिवाजीराजांना रयतेच्या, कुणब्यांच्या राजाच्या रूपात उभे केले. आज हे रूप आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की ते प्रथम कुणीतरी मांडावे लागले याची आठवणही राहत नाही. या पोवाड्याच्या प्रस्तावनेत त्यांनी आपला वाचक कोण, हे स्पष्टच सांगितले आहे. कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावा म्हणून मोठमोठे संस्कृत शब्द आपण घातलेच नाहीत, असे त्यांचे म्हणणे. दुसरी रचना शाळाखात्यातल्या पंतोजींवरचा एक छोटा पोवाडा; तो मिशनऱ्यांच्या 'सत्यदीपिका' मासिकात आला. तिसरे पुस्तक 'ब्राह्मणांचे कसब'. हेच ते, नाटक बाजूला सारून स्वतः छापलेले पुस्तक.

येथे माझ्यासारख्या शिक्षकाला एक प्रश्न पडतो. ज्यांच्यासाठी ही पुस्तके लिहिली, ते कुणबी, माळी, महार, मांग त्या काळी वाचत होते तरी किती? शाळेची पायरी चढलेले लोक गावात एका हाताच्या बोटांवर मोजावे, अशी स्थिती. मग पुस्तके कुणासाठी? याचे उत्तर पुस्तकांच्या घडणीतच आहे. पोवाडा गायचा असतो, नाटक पाहायचे असते, संवाद दोघांनी मोठ्याने वाचायचा असतो. एकाने वाचावे आणि पंधराजणांनी ऐकावे, अशाच बेताने त्यांची जवळजवळ प्रत्येक रचना बांधलेली आहे. विद्वानांनी त्यांच्या मराठीला नावे ठेवली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या व्याकरणाची यथेच्छ टर उडवली. शास्त्रीबुवांची लेखणी तिखट होती आणि मराठी गद्याला तिने वळण लावले, यात शंका नाही. पण शास्त्रीबुवा डोळ्यांनी वाचणाऱ्यासाठी लिहीत होते. जोतीराव कानांनी वाचणाऱ्यासाठी. एकाच फुटपट्टीने दोन्ही मोजणे न्यायाचे नव्हे.

१८७३ साली 'गुलामगिरी' आली. त्यांच्या छापील पुस्तकांत सर्वांत गाजलेले हेच. जोतीराव आणि धोंडिबा यांच्यातल्या सवालजबाबाची सोळा प्रकरणे त्यात आहेत. मत्स्य, कच्छ, वराह अशा अवतारांच्या कथा घेऊन त्यांचा उलटा अर्थ ते लावत जातात. त्यांचा इतिहास जसाच्या तसा आज कुणी स्वीकारील असे नाही. तथापि पुराणकथा जिंकणाऱ्याने सांगितलेल्या असतात, हरणाऱ्याची बाजू कुणीतरी विचारली पाहिजे, हा त्यांचा आग्रह आजही खोटा ठरलेला नाही.

दिवाळीच्या अंकात या पुस्तकाचा उल्लेख करायला आणखी एक सबळ कारण आहे. पाताळात घातलेल्या बळीराजाची गोष्ट आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. वामन देव आणि बळी दैत्य. पण सणाच्या दिवशी आपल्या आयाबहिणी ओवाळताना काय म्हणतात? "इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो." देवाने ज्याला गाडले त्याचेच राज्य परत यावे असे घरातल्या बाईने का म्हणावे? हा प्रश्न 'गुलामगिरी'ने विचारला. पोथीत जे पुसले गेले ते बायकांच्या तोंडी शिल्लक राहिले, असा त्यांचा रोख आहे. दरवर्षी ओवाळून घेताना मी ते शब्द ऐकत आलो होतो. ते पुस्तक वाचल्यापासून मात्र तबकातल्या दिव्याकडे क्षणभर निराळेच पाहतो.

आणि या पुस्तकाची अर्पणपत्रिका! पुण्याच्या एका माळ्याने आपले पुस्तक अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतल्या सज्जन लोकांना अर्पण केले आहे, कारण त्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवण्याच्या कामी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवला. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले. म्हणजे अवघ्या आठ वर्षांत तिकडच्या घटनेचा धागा इकडच्या महार-मांगांच्या दुःखाशी जोडणारा माणूस येथे निघाला. थॉमस पेन याचे माणसाच्या हक्कांविषयीचे पुस्तक त्याने ऐन विशीत वाचले होते. कुणी प्रकाशक असता तर म्हणाला असता, अमेरिका कशाला मध्ये? पण येथे प्रकाशकही तोच आणि लेखकही तोच.

त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि लेखनाला नवे काम मिळाले. भटजीवाचून लग्ने लागू लागली, तेव्हा लग्नात म्हणायचे काय, असा अडसर आला. जोतीरावांनी मंगलाष्टके आणि पूजाविधी यांचे पुस्तक १८८७ साली तयार केले; त्यात वधू आणि वर एकमेकांना वचने देतात. जुन्नर भागात जोशाला न बोलावता लग्न लावल्याबद्दल गावजोशांनी कोर्टाची पायरी चढली, तेव्हा त्यांनी १८८६ साली त्याविषयी जाहीर पत्रकच काढले. शेतकऱ्यांची स्थिती सुधारत आहे, असे न्यायमूर्ती रानडे यांनी म्हटल्यावर त्यांनी १८८५ साली 'इशारा' नावाची पुस्तिका काढली. त्याच वर्षी 'सत्सार'चे दोन अंक काढले. पंडिता रमाबाईंवर लोक तुटून पडले होते; बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे जळजळीत पुस्तक छापले म्हणून त्यांच्यावरही झोड उठली होती. 'सत्सार'मध्ये जोतीरावांनी या दोघींची बाजू घेतली. आणि ताराबाईंच्या बाबतीत तर स्वतःच्याच चळवळीतल्या माणसांना चार शब्द सुनावले. पुस्तक मोठे व्हावे, दोनशे पाने भरावीत, मग छापू, असा विचार त्यांनी केला नाही. ज्या दिवशी जे सांगणे आवश्यक, ते त्या दिवशी, जेवढ्या पानांत मावेल तेवढ्यात. नाटक, पोवाडा, संवाद, निबंध, अखंड, पूजाविधी, पत्रक अशी ही विविधता हौसेची नव्हती, गरजेची होती.

आता या कथेतला मला सर्वांत चटका लावणारा भाग सांगतो.

'शेतकऱ्याचा असूड' हे जोतीरावांचे सर्वांत पक्व पुस्तक, असे माझे मत आहे. १८८३ च्या जुलैत ते पुरे झाले. पाच प्रकरणे. शेतकऱ्याच्या घरी जन्मापूर्वीपासून मरणानंतरपर्यंत धर्माच्या नावाने पैसा कसा जातो, येथून आरंभ. मग सरकारी कचेऱ्या, जंगलखाते, कापडाच्या परदेशी मालाने बुडालेले कारागीर, पट्टी आणि कर. चौथ्या प्रकरणात शेतकऱ्याच्या घराचे जे वर्णन आहे, त्याच्या तोडीचे गद्य त्या काळच्या मराठीत मला दुसरीकडे आढळलेले नाही. कोपऱ्यात काय पडले आहे, अंगावर काय आहे, ताटात काय आहे, सारे नजरेसमोर ठेवले आहे. उपदेशाचा एक शब्द न घालता. पाचव्या प्रकरणात उपाय सांगितले आहेत: पावसाचे पाणी जागोजाग मुरावे म्हणून ताली आणि बंधारे बांधा, रिकाम्या लष्कराला आणि पोलिसांना त्या कामाला लावा, तलाव-धरणे करा, चांगल्या जातीची जनावरे आणा, शेतकऱ्याच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्या. आज गावोगाव पाणी अडवण्याच्या कामाची भाषणे ऐकताना मला त्या पानांची आठवण येते.

हे पुस्तक त्यांनी लिहीत असतानाच लोकांना वाचून दाखवले. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी वाचन झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी ते ऐकले आणि मदतही केली. पण छापायचे काय? सत्यशोधकांचे पत्र होते 'दीनबंधु'. कृष्णराव भालेकरांनी ते १८७७ साली पुण्यात सुरू केले. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून चालवले. म्हणजे पत्र आपले, संपादक आपला, चळवळ आपली. त्यात 'असूड'ची पहिली दोन प्रकरणे आली आणि पुढची थांबली. संपादकाची अडचण आपण समजू शकतो. सरकारचा डोळा, खटल्याचे भय, पत्र बंद पडले तर गिरणी-कामगारांचे गाऱ्हाणे कोण मांडणार, ही काळजी. लोखंडे भित्रे नव्हते. मजुरांसाठी त्यांनी केलेले काम सर्वश्रुत आहे. पण जोतीरावांनी त्यांना क्षमा केली नाही. आपल्या शूद्रांतही असे भेकड संपादक आहेत, अशा आशयाचे कडू शब्द त्यांनी लिहून ठेवले. 'असूड' पुरा छापलेला त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला नाही.

वाचकहो, आता दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. जोतीरावांनी दोन पुस्तके दुसऱ्याच्या हवाली केली. एक परक्यांच्या कमिटीकडे, एक आपल्या माणसाच्या पत्राकडे. ती दोन्ही त्यांच्या हयातीत पुरी प्रसिद्ध झाली नाहीत. 'तृतीय रत्न' तर १९७९ साली 'पुरोगामी सत्यशोधक' नियतकालिकात प्रथम छापून आले. लिहिल्यापासून तब्बल १२४ वर्षांनी! जी त्यांनी पदरमोड करून छापली, ती लोकांच्या हाती गेली, भांडणे झाली, टिंगल झाली, पण वाचली गेली. यातून 'सारे स्वतःच छापावे' असा बोध काढणे भाबडेपणाचे होईल; कारण चांगला संपादक लेखकाच्या हातून पुष्कळ बरे करून घेतो. मला दिसते ते एवढेच, की ज्या वाचकाला दुसऱ्या कुणाच्याच यादीत जागा नसते, त्याच्यासाठी लिहिणाऱ्याला छपाईचा भारही स्वतःच्या खांद्यावर घ्यावा लागतो.

१८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती. रानड्यांनी जोतीरावांनाही बोलावले. त्यांनी नम्रपणे, पण साफ नकार कळवला. ज्यांना माणसामाणसांचे हक्क सारखे आहेत हे कबूल नाही, त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा मथितार्थ. आज साहित्य संमेलनाच्या मांडवात जागा मिळावी म्हणून आपली केवढी धडपड असते! मीही तीत मागे नाही. त्या पत्राने मला माझी जागा दाखवली.

१८८८ साली मुंबईत लोकांनी त्यांना 'महात्मा' म्हटले आणि त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग गेले. लिहिता हात निकामी झाला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहायला घेतले आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. स्त्री आणि पुरुष, सर्व धर्मांची माणसे एका घरात सुखाने नांदू शकतील, असा विचार त्यात प्रश्नोत्तरांतून मांडला आहे. घरची आर्थिक स्थिती तेव्हा इतकी खालावली होती, की मामा परमानंदांना बडोद्याच्या महाराजांकडे मदतीसाठी लिहावे लागले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. पुस्तक छापायचे राहिले होते. ते पुढल्या वर्षी त्यांच्या दत्तक मुलाने, यशवंताने छापले. पदरमोडीचा वारसा घरातच राहिला.

ते सारे त्या रात्री वाचून झाल्यावर मला माझ्या गठ्ठ्यांची लाज वाटेनाशी झाली, असे मात्र नाही. उलट निराळी लाज वाटली. मी पुस्तक पदरमोडीने छापले खरे, पण ते कुणासाठी? चार प्रकाशकांना आणि दोन समीक्षकांना 'पाहा, झाले ना!' म्हणून दाखवायला. माझ्या गावातल्या एकाही माणसाला मी त्यातले एक पान वाचून दाखवले नव्हते. पुस्तक कुणी घेतले नाही हे खरे. पण मी ते कुणाला दिले तरी कुठे होते?

दिवाळीची सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मारुतीच्या पारावर मी 'असूड' घेऊन बसलो. पाच-सात माणसे जमली. त्यांत निम्मी मुले. पहिल्या दिवशी पहिले प्रकरण वाचले, दुसऱ्या दिवशी दुसरे. भाषा जुनी, वाक्ये लांब. मला वाटले लोक कंटाळले. तिसऱ्या दिवशी घरी पाहुणे आले, फराळ झाला, आणि मी गेलो नाही.

रात्री आठच्या सुमारास दाराशी काठीचा आवाज झाला. पाराजवळच राहणारे एक म्हातारे शेतकरी उभे होते. त्यांना अक्षरओळख नाही. त्यांनी चहाही घेतला नाही.

"मास्तर, पुढचं कधी?"

दोन प्रकरणांवर थांबलेला एक संपादक मला आठवला. मी पाहुण्यांची क्षमा मागितली, ग्रंथ काखेत मारला आणि त्यांच्यामागून पाराकडे निघालो. तेथे आठ-दहा माणसे बसून होती. कुणीतरी पणतीच्या शेजारी माझ्यासाठी पोते अंथरून ठेवले होते.

यंदा झाडलोटीला ते गठ्ठे पुन्हा खाली आले. "यांचं काय करायचं?" असे मंडळींनी विचारण्याआधीच एकाची सुतळी मी सोडली आहे.